वर्ष द्या, पण जागा राखून

जून उजाडला की घराघरांत एकच हिशेब चालतो. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'ला किती पडले, मागच्या वर्षी कटऑफ कुठे थांबला होता, खासगी कॉलेजची फी झेपेल का, आणि नाहीच जमलं तर ड्रॉप घ्यायचा का. या शेवटच्या प्रश्नावर तर फारशी खळखळही होत नाही. वडील पीएफमधून पैसे काढतात, आई म्हणते, 'एका वर्षाचा तर प्रश्न आहे,' आणि मुलगा लातूरला नाहीतर नांदेडला रिपीटर बॅचमध्ये जाऊन बसतो. ज्यांची ऐपत जास्त ते राजस्थानात कोट्याला धाडतात.

तेव्हा बारावी आणि कॉलेज यांच्यामध्ये एक वर्ष सोडणं ही परदेशी थेरं आहेत, आपल्याला ती परवडायची नाहीत, हे म्हणणं मला पटत नाही. मराठी मध्यमवर्ग हे वर्ष राजरोस देतो, कर्ज काढूनही देतो. फक्त ते एकाच कामासाठी देतो.

त्या कामाचं गणित सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एकदा मांडून पाहू. २०२४ च्या 'नीट'साठी देशभरातून २४ लाखांहून अधिक मुलांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, त्यांतल्या सरकारी साधारण निम्म्या. २०२२ मध्ये या परीक्षेची कमाल वयाची अट उठली आणि कितीदा बसायचं याला तर मर्यादाच नाही. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, 'आता इतकं केलंच आहे तर' म्हणून चौथ्यांदा. लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी एक चक्कर मारली तरी हे वर्ष कसं दिसतं ते कळतं. दोन कॉटची खोली, भिंतीला चिकटवलेली मूलद्रव्यांची सारणी, दाराशी मेसचा डबा, रविवारी टेस्ट आणि ती संपेस्तोवर वडिलांच्या मोबाइलवर येऊन पडलेली रँक. मुलाला अठरा पूर्ण झालेली असतात, मतदार यादीत नाव लागलेलं असतं. पण उठायचं कधी, जेवायचं काय आणि सुट्टीत गावी जायचं की नाही, यातलं काहीही तो स्वतः ठरवत नसतो. २०२३ मध्ये कोट्यात वीसहून अधिक मुलांनी जीव दिला, तेव्हा प्रशासनाने हॉस्टेलच्या पंख्यांना स्प्रिंगा बसवायला लावल्या. वर्षाचा आराखडा मात्र कुणी बदलला नाही.

रिपीट करणाऱ्यांवर माझा राग नाही. ज्याचे थोडक्यात हुकले आणि ज्याला खरोखरच डॉक्टर व्हायचं आहे, त्याने जरूर पुन्हा बसावं. माझा आक्षेप आपल्या दुटप्पीपणावर आहे. हेच आईवडील, हाच मुलगा, हेच वर्ष. त्याने जर सांगितलं, 'मला अजून नक्की कळत नाहीये कशाला जायचं ते, एक वर्ष कुठेतरी काम करतो, मग प्रवेश घेतो,' तर घरात सुतक पडतं. वर्ष वाया जाईल, सवय तुटेल, मागचे पुढे जातील, लोक काय म्हणतील. काका येऊन समजावतात. शेवटी मुलगा गुपचूप मिळेल त्या कॉलेजात, मिळेल त्या शाखेत नाव घालतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकांवर बसलेली अशी मुलं कुठल्याही प्राध्यापकाला विचारा, तो बोटाने दाखवेल. मेकॅनिकलला आहेत, कारण कॉम्प्युटर मिळालं नाही. बीएस्सीला आहेत, कारण 'नीट' निघाली नाही. त्यातले कित्येक दुसऱ्या वर्षापर्यंत एटीकेटीच्या, म्हणजे राहिलेले विषय मागे ओढत पुढच्या वर्गात जायच्या, फेऱ्यात अडकतात आणि तिथे जाणारी वर्षं कुणी वाया गेली म्हणत नाही, कारण त्या काळात ओळखपत्र खिशात असतं.

आता आईवडिलांच्या बाजूने बोललं पाहिजे, कारण त्यांची भीती वेडगळ नाही. ती चोख व्यवहारी आहे. बारावीचे गुण जन्मभर राहतात, पण सीईटीचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचे, गुण त्या वर्षापुरते. इंजिनीअरिंगची 'जेईई मेन' आणि 'नीट' यांचंही तेच. यंदा उत्तम गुण मिळवून पुण्या-मुंबईतल्या चांगल्या कॉलेजात तुमचा नंबर लागला आणि तुम्ही म्हणालात की पुढच्या वर्षी येतो, तर ती जागा गेली. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा, पुन्हा सीईटी सेलच्या पोर्टलवर अर्ज, पुन्हा केंद्रीय प्रवेशाचे कॅप राउंड. 'जेईई मेन'ला बारावीपासून सलग तीन वर्षं बसता येतं, आयआयटीच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'ला दोनच. म्हणजे एक वर्ष दुसरं काही केलं तर एक संधीही त्यात खर्ची पडली. दाखल्यांचं शुक्लकाष्ठ वेगळंच. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला त्या आर्थिक वर्षापुरता चालतो, तो पुन्हा काढा. नॉन-क्रीमीलेयरची मुदत पाहा. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, सेतू केंद्राची रांग, सर्व्हर डाउन. ज्या बापाने हे एकदा निस्तरलं आहे तो 'पुन्हा बघू पुढच्या वर्षी' याला हो म्हणेल कशाला?

आणि इतकं करून मूल वर्षभराने प्रवेशाला आलंच, तर त्याच्यापुढे गॅप सर्टिफिकेट येतं. ज्यांनी ते काढलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तहसील कचेरीबाहेर टायपिस्टकडे याचा तयार मसुदा असतो, फक्त नाव आणि साल भरायचं. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर कालावधीत मी कोणत्याही शाळा-महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही, कोठेही नोकरी केलेली नाही, तसेच कोणत्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता.' कारणाच्या जागी बहुतेकदा आधीच छापलेलं असतं : कौटुंबिक अडचणीमुळे. समजा, एखादी मुलगी वर्षभर कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहायला होती. त्या वर्षात तिने जीएसटीची बिलं, उधारीची वही आणि हट्टी गिऱ्हाईक, तिन्ही सांभाळायला शिकून घेतलं. कॉमर्सला जाणाऱ्या मुलीला याहून चांगली तयारी कुठली? पण तिचाही प्रतिज्ञालेख हाच. टायपिस्ट तिला सांगणार, 'नोकरीचं घालू नको, उगाच क्वेरी निघेल.' म्हणजे ज्या वर्षात ती सर्वांत जास्त शिकली त्या वर्षात आपण काहीच केलं नाही, असं तिने शपथेवर लिहून द्यायचं. आपल्या व्यवस्थेला मोकळं वर्ष फक्त दोनच रूपांत ओळखता येतं, आजारपण किंवा गुन्हा. तिसरं काही असू शकतं, याचा रकानाच नाही.

ज्यांच्याकडे हा रकाना आहे त्यांनी काय केलं, तेही पाहू. ब्रिटनमध्ये विद्यापीठांचे अर्ज 'यूकास' या एका यंत्रणेतून जातात आणि त्यातच 'प्रवेश यंदा नको, पुढच्या वर्षीचा द्या' असं सांगायची सोय आहे. सगळी विद्यापीठं आणि सगळे विषय ते मान्य करत नाहीत, पण विचारण्यात अपराध नाही. हार्वर्ड तर प्रवेश मिळालेल्यांना गेली अनेक दशकं स्वतःहून सुचवतं की वाटलं तर वर्षभर थांबून या. डेन्मार्कची गोष्ट जास्त मजेची आहे. तिथल्या मुलांना शाळा संपल्यावर एक-दोन वर्षं भटकायची, काम करायची इतकी सवय की सरकारला चिंता वाटली. मग २००९ पासून त्यांनी लालूच लावली : शाळा संपल्यावर दोन वर्षांच्या आत विद्यापीठात अर्ज कराल तर तुमची गुणांची सरासरी १.०८ ने गुणू. दहा-अकरा वर्षं हा प्रयोग चालवून २०२० मध्ये तो बंद केला.

तरीही मला हे जसंच्या तसं उचलायचं नाही. गोव्यात राहणाऱ्यांना परदेशी तरुणांचं हे मोकळं वर्ष चांगलंच परिचयाचं आहे. हरमल, पाळोळेच्या किनाऱ्यावर शाळा नाहीतर सक्तीची लष्करी सेवा संपवून आलेली पोरं महिनोन्‌महिने पडलेली असतात. त्यांना कॉफी आणून देणारा पेडण्याचा किंवा काणकोणचा मुलगाही त्यांच्याच वयाचा असतो आणि त्यानेही कदाचित बारावीनंतर शिक्षण थांबवलेलं असतं. त्याच्या वर्षाला कुणी छान इंग्रजी नाव देत नाही. आपल्याकडे मोकळ्या वर्षाचा अर्थ आईबापाच्या पैशांवर हिमाचलात ट्रेक आणि इन्स्टावर फोटो एवढाच होणार असेल, तर तो शौक ज्यांना परवडतो ते आजही करतात, त्यासाठी धोरण कशाला हवं?

मला जे वर्ष अभिप्रेत आहे त्याचा नमुना आपल्याच घरात आहे. विनोबा १९१६ मध्ये इंटरची परीक्षा द्यायला मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले, हे आपण कौतुकाने सांगतो. पण मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. काशीहून ते गांधीजींच्या आश्रमात आले आणि १९१७ मध्ये त्यांनी तिथून एक वर्षाची रजा घेतली. वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे उपनिषदं, ब्रह्मसूत्रं वाचली. नुसतं वाचत बसले नाहीत. गीतेचे वर्ग घेतले, विद्यार्थ्यांचं मंडळ काढलं, वाचनालयाला पैसे हवेत म्हणून पोरांना घेऊन जात्यावर लोकांची दळणं दळली, रायगड-सिंहगडासारखे किल्ले पाहत चारेकशे मैल पायी हिंडले. आणि १९१८ च्या सुरुवातीला गांधीजींना लांबलचक पत्र लिहून या सगळ्याचा हिशेब दिला. काय वाचलं, काय खाल्लं, काय सोडलं, किती चाललो. मग ठरल्या मुदतीत परत हजर झाले.

विनोबांसारखं व्हा असं कुणा अठरा वर्षांच्या पोराला सांगण्यात अर्थ नाही, ते त्याच्यावर अन्यायाचंच होईल. त्या वर्षाची बांधणी मात्र पाहण्यासारखी आहे. मुदत ठरलेली, हातांनी करायचं काम, हिशेब मागणारं कुणीतरी, आणि परत यायला राखून ठेवलेली जागा. यातली शेवटची गोष्ट नसती तर तीही रजा राहिली नसती, आश्रम सोडणं झालं असतं.

हातांनी करायच्या कामांची तर महाराष्ट्रात वानवा नाही. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. तिथे ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम चालतो : वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, कोंबड्या, अन्नप्रक्रिया. ज्या मुलाला इंजिनीअर व्हायचं आहे त्याने ड्रॉइंगच्या तासाला उभा छेद काढण्याआधी एकदा आपल्या हाताने लोखंड कापून जोडलेलं असावं, ही अपेक्षा काही फार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने २००६ पासून 'निर्माण' ही तरुणांसाठीची शिबिरं चालवली आहेत. आणि सर्वांत मोठी सोय तर सरकारनेच नकळत करून ठेवली आहे. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्या, अठरा ते पस्तीस वयाच्या मुलामुलींना सरकारी कार्यालयात किंवा खासगी आस्थापनेत सहा महिने काम आणि महिना सहा हजार रुपये विद्यावेतन आहे. पुढे मुदत अकरा महिने झाली. अट अशी की सध्या कुठेही शिक्षण चालू नसावं. म्हणजे ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत अकरा महिने काम करून, थोडेफार पैसे गाठीला बांधून कॉलेजला जायचं, हे वर्ष कागदावर तयारच आहे! पण योजनेकडे पाहिलं गेलं ते बेरोजगारीवरचा उतारा म्हणून. त्यामुळे मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी कायम करा म्हणून आंदोलनाला बसले. त्यांचंही चुकलं कुठे? पुढे जायला जागा नसलेल्या माणसाला सहा हजारांची खुर्चीही सोडवत नाही. जिच्या नावावर कॉलेजातली जागा राखलेली आहे अशी अठरा वर्षांची मुलगी त्याच खुर्चीत वेगळ्या मनाने बसेल.

मुलींचं नाव निघालंच आहे, तर या सगळ्या विचाराला जो सर्वांत कठीण प्रश्न आहे तो इथेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के अशा निघाल्या ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. जिथे ही स्थिती आहे तिथे बारावीनंतर घरी बसलेली मुलगी म्हणजे स्थळं पाहायला मोकळी झालेली मुलगी. दिवाळीत कुणीतरी आत्या फोटो मागते, तुळशीचं लग्न झालं की पाहुणे येतात. कॉलेजचं ओळखपत्र हे अनेकींचं एकमेव चिलखत असतं, आणि मी ते काढून ठेवायला सांगतो आहे असं कुणाला वाटलं तर त्याची धास्ती रास्त आहे. म्हणून स्पष्टच सांगतो. ज्या घरात शिक्षण एकदा थांबलं की ते पुन्हा सुरू होणार नाही अशी शंका आहे, त्या घरातल्या मुलीने एक दिवसही थांबू नये. शाखा नावडती असली तरी नाव घालावं. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे, त्याचा फायदा घ्यावा आणि घराबाहेर पडावं.

पण हाच युक्तिवाद उलटूनही बघा. आज आजारी आईसाठी, बापाच्या कर्जासाठी, धाकट्याच्या फीसाठी कितीतरी मुली एक वर्ष थांबतातच. त्यांना कुणी विचारत नाही. त्यांच्या हातात काही नसतं, फक्त 'पुढच्या वर्षी बघू' हे आश्वासन असतं आणि ते कुठवर टिकतं ते आपण पाहतो. तिच्याकडे जर विद्यापीठाचं पत्र असेल, 'अमुक महाविद्यालयात, अमुक शाखेत, पुढील शैक्षणिक वर्षासाठी आपला प्रवेश राखून ठेवला आहे,' तर आत्यापुढे ठेवायला निदान एक कागद असेल. आपल्या समाजात शिक्क्याच्या कागदाला बोलण्यापेक्षा जास्त किंमत आहे. राखीव जागेची गरज श्रीमंत घरच्या पोरापेक्षा या मुलीला जास्त आहे. त्याचं वर्ष चुकलं तर बाप मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेईल.

यावर शिक्षण खात्याचं उत्तर मला पाठ आहे. जागा अडवून ठेवल्या तर इतरांचं नुकसान होईल. वैद्यकीयच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. तिथे एकेका जागेसाठी वीस-वीस मुलं उभी असताना कुणाला थांबायची मुभा देणं गैर ठरेल, तेव्हा ते क्षेत्र यातून वगळा. पण राज्यातल्या किती कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांत आणि दुय्यम इंजिनीअरिंग कॉलेजांत दरवर्षी बाकं रिकामी राहतात? तिथले प्राध्यापक मे महिन्याच्या उन्हात गावोगाव विद्यार्थी शोधत हिंडतात, कारण तुकडी टिकली तर नोकरी टिकेल. अशा ठिकाणी पुढच्या वर्षीचा एक नक्की विद्यार्थी आजच हाती लागत असेल तर तो तोटा कसला? यंदाची रिकामी जागा पुढच्या फेरीतल्याला द्या आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेशक्षमतेत तेवढी मोजा. इतकं साधं आहे ते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर याच्या पुढची उडी आधीच मारली आहे. पहिलं वर्ष झाल्यावर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडा, दुसऱ्यानंतर पदविका घ्या, क्रेडिट बँकेत तुमचे श्रेयांक सात वर्षांपर्यंत जमा राहतील, मग परत या. कॉलेज अर्धवट सोडणाऱ्यासाठी काही वर्षं दार उघडं आणि सुरू करण्याआधी एक वर्ष मागणाऱ्यासाठी मात्र बंद, ही अजब तऱ्हा आहे. ज्याला कुठे जायचं ते कळलेलं नाही त्याला आपण सांगतो, आधी गाडीत बस, नको वाटलं तर मधल्या स्टेशनला उतर.

विद्यापीठांनी ठरवलं तर याला नवा कायदाही लागणार नाही, बिगर-सीईटी अभ्यासक्रमांपासून सुरुवात करता येईल. प्रवेश निश्चित करायचा, नाममात्र शुल्क भरायचं, वर्षभराची मुभा घ्यायची. आरक्षणाचे आणि उत्पन्नाचे दाखले ज्या वर्षी प्रवेश मिळाला त्या वर्षीचेच ग्राह्य धरायचे, ही अट सर्वांत आधी, नाहीतर पुन्हा ज्याच्या बापाला सुट्टी काढून तहसीलला जाता येतं त्याचीच सोय होईल. मुभा एका वर्षाचीच. परत येताना दोन-चार पानांचा हिशेब द्यायचा : कुठे होतो, काय केलं, काय जमलं नाही. त्याला गुण द्यायचे नाहीत, तो फक्त वाचायचा. आणि त्याच दिवशी गॅपच्या प्रतिज्ञापत्राचा तो तयार मसुदा रद्द करायचा. कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहिणाऱ्या मुलीला आपण तिथे काम केलं हे खरं खरं लिहिता आलं पाहिजे, मालकाच्या सहीसकट.